टोपड्याचा पहिला काठ

आमच्या घरात बाळ जन्माला यायच्या आधी त्याच्यासाठी काहीही करून ठेवायची रीत नव्हती. लोकर आणलेली असायची, पण ती पेटीत, कागदात गुंडाळलेली. अलिबागहून निरोप आला, मुलगा की मुलगी ते कळलं, दोघं सुखरूप आहेत हे कळलं, की त्या संध्याकाळी आई पेटी उघडायची. बारशाला बारा दिवस. तेवढ्यात घरचं सगळं सांभाळून बाळंतविडा पुरा करायचा: टोपडं, मोजे, स्वेटर, जमलंच तर लोकरीचं दुपटं. टोपडं आधी, कारण ते आधी लागतं. दिव्याखाली बसून ती सुया हातात घ्यायची आणि मग बराच वेळ काहीच करायची नाही. धागा बोटांवरून फिरवत बसायची. मला वाटायचं, नमुना आठवते आहे. नमुना तिला पाठ होता. ती ठरवत असायची की टाके कसे घालायचे.

या पुस्तिकेत पुढे टोपड्यांचे नमुने आहेत. किती टाके, कोणत्या नंबरची सुई, कुठे दोनाचा एक करायचा, हे सगळं तिथे सविस्तर आहे. प्रस्तावनेची पानं मात्र मी एकाच गोष्टीला देणार आहे, आणि ती म्हणजे रिकाम्या सुईवर पहिले टाके घालण्याची रीत. हल्लीच्या मुली त्याला ‘कास्ट ऑन’ म्हणतात. आपल्या बहुतेक विणकामाच्या पुस्तकांत आणि मासिकांच्या कात्रणांत हे एका वाक्यात उरकलेलं असतं: ‘७२ टाके घाला.’ कसे घाला, ते नाही. ज्या बाईने आईकडून एकच रीत उचलली ती जन्मभर त्याच रीतीने सगळं विणते, पुरुषी स्वेटरचा घेर आणि तान्ह्या बाळाचं टोपडं दोन्ही. स्वेटरला ते चालून जातं. टोपड्याला चालत नाही. ते का, हे मला फार उशिरा आणि एका तान्ह्या कपाळाच्या खर्चाने कळलं.

माझ्या थोरल्या बहिणीची पहिली मुलगी रेवसला आमच्याच घरी झाली. मी तेव्हा कॉलेजात होते आणि आईच्या आधी टोपडं पुरं करायचं या हट्टाला पेटले होते. एका मासिकाच्या कात्रणात काठाची एक देखणी रीत सापडली. दोन टाक्यांच्या मधून सुई घालून नवा टाका ओढायचा. काठ अगदी वळलेल्या दोरीसारखा दिसतो. मी त्याला ‘दोरीकाठ’ म्हणते. तो सरळ, भक्कम, ताठ आला. सगळ्यांनी कौतुक केलं. बारशाच्या दिवशी पाळण्यातून काढून टोपडं उतरवलं, तर बाळाच्या कपाळावर या कानापासून त्या कानापर्यंत दोरीच्या पिळाची लाल रेघ उमटलेली. ताई काही बोलली नाही. आईही नाही. रात्री सगळे गेल्यावर आईने ते टोपडं घेतलं, पट्टीच्या वरच्या सुलट विणीतला एक धागा कात्रीने कापला आणि ती ओळ उसवत दोरीकाठासकट सगळी पट्टी वेगळी काढली. मोकळे झालेले टाके एकेक करून सुईवर उचलले, खालच्या दिशेने एक सुलट एक उलट अशी नवी पट्टी विणली आणि टाके सैल हाताने बंद केले. पहाटे टोपडं तयार होतं. ते भाचीच्या डोक्यावर चार महिने टिकलं.

मी काय चुकले होते ते पुढच्या वर्षांत थोडं थोडं उमजत गेलं. विणलेलं कापड ताणतं, कारण त्यातला धागा सरळ नसतो; प्रत्येक टाक्यात तो वळसा घेतो आणि ओढ बसली की त्या वळशातली लांबी उघडते. पहिल्या ओळीच्या खाली मात्र आधार द्यायला दुसरी ओळ नसते. तिथे टाक्यांना एकमेकांशी बांधणारा धागा जवळजवळ सरळ धावतो. त्या धाग्यात शिल्लक लांबी किती ठेवली यावर काठ किती ताणणार ते ठरतं. वरची पट्टी कितीही लवचीक विणा, खाली काठच आवळलेला असेल तर ती लवचीकता वाया जाते.

ही गोष्ट मला पुस्तकाआधी शेजारच्या एका कोळी आजीने सांगितली होती. रेवसला लोकरीचं विणकाम कुठून आलं, असं बाहेरचे विचारतात. धरमतरची खाडी जिथे समुद्राला मिळते तिथलं हे बंदर. समोर करंजा, मागे कनकेश्वराचा डोंगर, आणि थंडी म्हणावी तर पौष-माघातली पहाट तेवढी. लोकर आमच्याकडे भाऊच्या धक्क्यावरून लाँचने यायची. मुंबईला कामाला जाणारं कुणी ना कुणी क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूने आठ-दहा गुंडे घेऊन यायचं. पण विणणं इथे परकं नव्हतं. रेवस-बोडणीच्या कोळ्यांच्या घरांत जाळं विणणं आणि सांधणं हे रोजच्या भाकरीसारखं काम. आता जाळी यंत्रावरची नायलॉनची येतात, हाताला उरलं आहे ते जोडणं आणि फाटलेलं सांधणं. त्या आजीच्या लहानपणी सुताची आणि सणाची जाळी घरीच व्हायची.

या किनाऱ्यावरचं मुख्य जाळं म्हणजे डोल. ते एखाद्या प्रचंड टोपीसारखं असतं: रुंद तोंड, निमुळतं होत जाणारं अंग आणि टोकाला बारीक आसांचा, म्हणजे जाळीच्या बारीक भोकांचा, खोला, ज्यात जवळा आणि बोंबील येऊन साठतात. ते ओढत नाहीत. एका जागी बांधून ठेवतात आणि भरती-ओहोटीच्या पाण्याने ते आपसूक भरतं. तोंड उघडं राहिलं तरच पुढचं सगळं. मी माझ्या दोरीकाठाची हकीकत सांगितली तेव्हा आजी म्हणाली, “जाल्याचा तोंडच आवलला, तं मावरा येल कसा?” त्यापुढे तिला काही समजावून सांगायची गरज वाटली नाही.

आजीच्या ओट्यावर दुसरंही जाळं असायचं, पाग. खाडीत उभं राहून गोल फेकायचं ते. पाग शेंड्यापासून सुरू होतो. थोड्या आसांनी आरंभ करून दर फेरीला वाढवत वाढवत घेरापर्यंत यायचं. टोपड्याच्याही दोन वाटा अगदी अशाच आहेत. बहुतेकजणी काठापासून सुरू करून टाळूकडे टाके कमी करत जातात. काहीजणी टाळूवर आठ टाक्यांनी सुरू करून काठापर्यंत वाढवत येतात. जाळ्यात प्रत्येक आस गाठीने बांधलेली असते, लोकरीत नसते, हा मोठा फरक. म्हणून जाळ्याची एक आस तुटली तर बाकीच्या जागच्या हलत नाहीत, आणि टोपड्यातला एक टाका गळला की ओळीमागून ओळ उसवत जाते.

आता डोक्याचं माप. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंमी असतो. पहिल्या तीन महिन्यांत तो दर महिन्याला जवळपास २ सेंमीने वाढतो. पुढे वेग मंदावतो, आणि वर्षाचं होताना घेर ४५-४६ सेंमीपर्यंत जातो. टोपडं डोक्याच्या मापाचं विणायचं नसतं; ते थोडं लहान असावं, म्हणजे बसतं. चार पदरी लोकरीवर ९ नंबरच्या सुईने १० सेंमीत २४ टाके येत असतील, तर ७२ टाक्यांचं टोपडं ३० सेंमी घेराचं होतं. बारशाला ते ३५ सेंमीवर ताणलं पाहिजे आणि तीन महिन्यांनी ४० सेंमीवर. म्हणजे न दाटता काठ एक-तृतीयांशाने वाढायला हवा. एवढं एक प्रमाण लक्षात ठेवलं की टाके घालण्याची कोणती रीत घ्यायची याचा अर्धा निकाल लागतो. (७२ हा आकडा आमच्याकडे फार जुना. तो दोनाने, चाराने, सहाने आणि आठानेही भागला जातो, त्यामुळे पट्टी कोणतीही घ्या आणि टाळूवर सहा पाकळ्या करा की आठ, हिशेब मोडत नाही. दोन सरळ सुयांवर विणून मागे शिवण घालायची असेल तर दोन टाके जास्त घ्यावेत.)

काठ पुरेसा ताणतो की नाही हे पाहायला बाळाचं डोकं वापरायचं नाही. आई सोललेला मोठा नारळ घ्यायची, किशी अडकू नये म्हणून त्यावर मऊ फडकं बांधायची, फितीने घेर मोजायची आणि पट्टीच्या तीन-चार ओळी झाल्या की अर्धवट टोपडं सुयांवरून जाड दोऱ्यावर उतरवून त्या नारळावर चढवायची. नारळावरून काढल्यावर काठ पाच मिनिटांत मूळ मापावर परत आला पाहिजे. आला नाही तर तो सैल आहे, आणि सैल काठ डोळ्यांवर घसरतो. चढवताना अंगठ्याने रेटावं लागलं तर तो घट्ट आहे. दोन्ही वेळा उसवायचं. ७२ टाके उसवायला फार वेळ लागत नाही, पण त्या क्षणी ते जिवावर येतं. त्या वेळी मी कपाळावरची ती रेघ आठवते.

रीतींबद्दल माझं मत आता सरळ सांगते. पुढच्या नमुन्यांत प्रत्येक ठिकाणी कोणती रीत वापरली ते दिलं आहे, पण कारण इथेच वाचायला मिळेल.

आपल्याकडे लहान मुलींना पहिल्यांदा शिकवतात तो अंगठ्याचा साधा वेढा. अंगठ्यावर धाग्याचा फास करायचा आणि सुईवर चढवायचा. शिकायला दोन मिनिटं. पण पहिली ओळ विणताना टाक्यांमधला धागा लांबत जातो, काठ कुठे ढिला तर कुठे आवळलेला येतो. तो ताणतो खरा, पण परत येत नाही. शाळेतल्या मुलीच्या पहिल्या मफलरला चालेल. टोपड्याला एकाच ठिकाणी चालतो, जिथे काठ स्वतःच गुंडाळला जाणार आहे. नुसती सुलट वीण काठाशी आपोआप वर वळते. तसं गुंडाळलेल्या काठाचं टोपडं करायचं असेल तर टाके त्या गुंडाळीत लपतात आणि कपाळाला लागतच नाहीत.

दोन सुयांनी टाके घालणं, म्हणजे आधीच्या टाक्यातूनच नवा टाका ओढून डाव्या सुईवर चढवणं. माझ्या आत्याच्या पिढीतल्या बायकांची ही आवडती रीत. काठ मऊ आणि थोडा जाळीदार येतो. धुऊन धुऊन तो पसरतो, एवढाच दोष. दोरीकाठ ही याचीच भक्कम बहीण. तिच्यात नवा टाका दोन टाक्यांच्या मधून येतो म्हणून काठ ताठ होतो. खिशाच्या तोंडाला, बटणपट्टीला, पिशवीच्या काठाला तो उत्तम. तान्ह्या डोक्याला कधीही नको. या एका बाबतीत मी पुस्तिकाभर कुठेही सवलत दिलेली नाही.

मग येते लांब शेपटीची रीत. धाग्याची लांब शेपूट सोडून एक धागा अंगठ्यावर, दुसरा तर्जनीवर घ्यायचा आणि सुईने दोन्हींमधून टाके उचलत जायचं. जगभर बहुधा हीच सर्वांत जास्त चालते आणि आईचीही हीच. तिचा गुण असा की टाके घालतानाच एक ओळ विणून होते, काठ नीट बसतो आणि उरलेली शेपूट मागची शिवण घालायला कामाला येते. शेपूट किती सोडायची, यावर मात्र घरोघर वाद. सुईवर दहा वेढे घ्या, उलगडून लांबी मोजा, सातपट करा आणि वर एक वीत धरा. ७२ टाक्यांना चार पदरी लोकरीत साधारण एक ते दीड मीटर लागते. सत्तराव्या टाक्याला शेपूट संपली की काय वाटतं ते विणणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे.

या रीतीविषयी एक गैरसमज इतका पक्का आहे की त्याच्यावर थोडं थांबते. काठ घट्ट होतो म्हणून ‘टाके जाड सुईवर घाला’ असा सल्ला सगळ्या देतात. मीही वर्षानुवर्षं दिला. जाड सुईने होतं एवढंच की पहिल्या ओळीचे टाके उंच होतात. त्यांच्या खालून धावणारा धागा तेवढाच राहतो, आणि दाटतो तो धागा. उपाय सुईत नाही, दोन टाक्यांमधल्या अंतरात आहे. प्रत्येक टाका घातल्यावर पुढचा त्याला चिकटवू नका. मध्ये थोडी जागा सोडा आणि ती तर्जनीच्या टोकाने धरून ठेवा. त्या सोडलेल्या जागेचा धागाच पुढे काठाची ओढ होतो. पुन्हा लक्षात आलं की इथेही जाळ्याचाच न्याय आहे. आस मोठी करायची तर तिच्या मापाची फळी बदलतात, गाठ सैल सोडत नाहीत.

लांब शेपटीच्याच घरातली आणखी एक रीत आहे, जिला नॉर्वेजियन किंवा जर्मन म्हणतात. सुई अंगठ्यावरच्या दोन्ही धाग्यांच्या खालून नेऊन वरून फासात उतरवायची, तर्जनीचा धागा उचलायचा आणि फास मोकळा करून बाहेर काढायची. हाताला एक वळण जास्त. त्या वळणाने प्रत्येक टाक्याच्या मुळाशी थोडा धागा जादा राहतो, आणि काठ साध्या लांब शेपटीपेक्षा स्पष्टपणे जास्त ताणतो आणि परतही येतो. एलिझाबेथ झिमरमन या बाईंनी तिचा फार प्रसार केला. त्या १९१० साली इंग्लंडात जन्मल्या, पुढे अमेरिकेत स्थायिक झाल्या, आणि १९७१ साली आलेल्या त्यांच्या पहिल्या पुस्तकाने विणणाऱ्या बायकांना नमुन्याच्या गुलामीतून सोडवलं, असं मी मनापासून मानते. आपलं माप घ्या, आपला हिशेब करा, ही त्यांची शिकवण. बारा दिवसांच्या आमच्या हिशेबात ही रीत सर्वांत चांगली बसते. ७२ टाक्यांना दहा-पंधरा मिनिटं पुरतात, पट्टी एक-एक असो वा दोन-दोन, काठ तिला साथ देतो. पुस्तिकेतले निम्म्याहून अधिक नमुने मी याच रीतीने सुरू केले आहेत.

नळीकाठ सर्वांत सुंदर. त्यात सुईवर एक टाका सुलट तोंडाचा, एक उलट तोंडाचा असे आळीपाळीने चढवतात. पुढच्या दोन ओळी सुलट टाके विणायचे आणि उलट तोंडाचे नुसते उचलून घ्यायचे. कडेला एक बारीक नळी तयार होते आणि काठ असा दिसतच नाही. पट्टी पुढून मागे वळून गेल्यासारखी वाटते. दुकानातल्या यंत्रावरच्या स्वेटरचा काठ पाहिलात तर तोच. कपाळाला याहून मऊ काही नाही. पण वेळ खातो, चुकला तर पहिल्यापासून, आणि सुती धाग्यात तो पसरून झालरीसारखा लोंबतो.

सुती धाग्याचा प्रश्न आमच्या किनाऱ्याचा खास प्रश्न आहे. कोकणातल्या दमट हवेत पुष्कळ घरं बाळाला सुती टोपडंच घालतात, आणि ते शहाणपणाचं आहे. मेंढीच्या लोकरीत स्वतःची उसळी असते. बाजारात ‘बेबी वूल’ म्हणून मिळणारा धागा बहुधा ॲक्रिलिकचा असतो, त्यातही थोडी उसळी असते. सुतात ती नाही. सूत ताणलं की ताणलेलं राहतं. म्हणून सुती टोपड्याला काठाची रीत जास्त काळजीने निवडावी लागते: साधी लांब शेपूट किंवा नॉर्वेजियन, सुई एक नंबर बारीक (आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते, ९ ऐवजी १०), आणि टाके ७२ ऐवजी ६८ किंवा ६४. पट्टी लांब ठेवायची आणि दुमडायची. दुमडल्यावर काठाची उलटी बाजू दर्शनी येते, हे टाके घालतानाच ध्यानात घ्यावं. लांब शेपटीच्या काठाला एक बाजू गुळगुळीत असते आणि दुसरी दाणेदार. सुती टोपडं रोज धुवावंही लागतं. टाळू भरायचं तेल, धुरीचा वास, दूध, सगळं त्या काठात मुरतं.

मुळात इतक्या उबदार गावात टोपडं कशाला, हा प्रश्न मला डॉक्टर झालेल्या एका मैत्रिणीने विचारला आणि उत्तरही तिनेच दिलं. नवजात बाळाचं डोकं त्याच्या अंगाच्या मानाने मोठं असतं. त्वचेच्या एकूण पृष्ठभागापैकी जवळपास पाचवा हिस्सा डोक्याचा. बाळ ओलं जन्मतं आणि आषाढातल्या पावसाळी हवेतही त्याचं अंग पटकन गार पडतं. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाच्या बाळांना आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवायची पद्धत सुरू केली, जिला आपण आता कांगारू पद्धत म्हणतो. त्यातही बाळाच्या अंगावर जे मोजके कपडे असतात त्यांत टोपडं असतंच. अशा वेळेआधी जन्मलेल्या बाळांची डोकी २८-३० सेंमीची. त्यांच्या टोपड्याला काठ आणखीच मऊ हवा. पुस्तिकेतला तिसरा नमुना त्यांच्यासाठी आहे आणि तिथे मी वेळेची पर्वा न करता नळीकाठ घेतला आहे.

त्याच मैत्रिणीने बजावलेली दुसरी गोष्टही लिहिते. पहिले काही तास आणि अशक्त बाळं सोडली, तर घरात झोपलेल्या बाळाच्या डोक्यावर टोपडं ठेवू नये. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही २०२२ साली हेच सांगितलं आहे. बाळ जास्तीची उष्णता बरीचशी डोक्यावाटे बाहेर टाकतं. टोपडं बाहेर नेताना, वाऱ्यात, लाँचवर.

आणि बंद लावू नयेत. आपल्या कापडी टोपड्यांना आणि कुंच्यांना हनुवटीखाली बंद असतात, कारण कापड ताणत नाही आणि बंदाशिवाय ते डोक्यावर राहणार नाही. लोकरीच्या टोपड्यालाही सवयीने तेच बंद लावले गेले. युरोपातलं मानक सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना डोक्या-गळ्याशी नाड्या लावू देत नाही, कारण त्या अडकून गळा आवळला जातो. काठ नीट घातला असेल तर बंदाची गरजच पडत नाही. टाके घालण्याच्या रीतीवर एवढी पानं खर्च करण्यामागे माझं हे एक मोठं कारण आहे.

टाळूपासून सुरू करायची वाट मी पुस्तिकेत दोनच नमुन्यांत घेतली आहे. त्यात सुरुवातीला धाग्याचं एक कडं करून त्यात क्रोशाच्या सुईने आठ टाके उचलायचे आणि शेवटी शेपूट ओढून मधलं भोक मिटवायचं. झिमरमनबाईंनी ही युक्ती त्यांच्या एका परिचित विणकर बाईच्या, एमिली ऑकर यांच्या नावाने लिहून ठेवली. फायदा असा की टोपडं डोक्यावर घालून पाहत पाहत विणता येतं आणि लोकर संपेल तिथे थांबता येतं. पण मग कपाळाला लागणारा काठ हा टाके बंद करण्याचा काठ होतो, आणि ताणाचा सगळा प्रश्न तिथे जाऊन बसतो. आईने माझी चूक दुरुस्त केली ती हीच वाट होती. शिवाय शेपूट आत लपवताना गाठ मारायची नाही. ती बरोबर टाळूवर येते, आणि तिथे खाली हाड नसतं.

हे विणकाम आपल्या घरांत आलं ते फार जुनं नाही. धनगरांच्या घोंगड्यांची लोकर इथली, पण ती मागावरची आणि खरखरीत. दोन सुयांचं काम मिशनच्या मुलींच्या शाळांमधून, शिवणकाम-भरतकामाच्या वर्गांतून हळूहळू पसरलं. १९६२ च्या युद्धात घरोघरच्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर आणि कानटोप्या विणल्या, आणि त्या हिवाळ्यात कित्येकजणी पहिल्यांदा सुया धरायला शिकल्या. माझी आई त्यांतलीच. जवानाच्या कानटोपीचा काठ जाड दोन-दोन पट्टीचा, ताठ. तिथून तान्ह्या कपाळाच्या काठापर्यंत ती कशी पोचली हे तिने कधी सांगितलं नाही. मी अंदाज करते की तिनेही एखादी रेघ पाहिली असेल.

नमुने विणून, धुऊन, पुन्हा मोजून देणाऱ्या रेवसच्या आणि बोडणीच्या बायकांची मी ऋणी आहे. त्यांतल्या दोघींनी प्रत्येक काठ पन्नास वेळा ताणून पाहिला आणि मग मला त्यांचं मत सांगितलं. ते मत नमुन्यांच्या शेवटी जसंच्या तसं आहे, माझ्याशी जुळत नसलं तरी.

जिच्या कपाळावर माझ्या दोरीकाठाची रेघ उमटली होती ती भाची आता ताईकडे, पेणला, बाळंतपणाला आली आहे. तिने फोनवर व्हिडिओ पाहून नळीकाठ शिकून घेतला आहे आणि ती म्हणते, “मावशी, माझ्या बाळाला तोच.” मी म्हणते बारा दिवस आहेत, आपण नॉर्वेजियन घेऊ. अजून ठरलेलं नाही. ७२ टाक्यांची फिकट पिवळी लोकर मी आणून ठेवली आहे. ती पेटीत आहे, कागदात.

रेवस, आषाढ